गावी राहायला परतणाऱ्याने विमानाने येऊ नये, असं माझं मत आहे

तळपणकाठ :
नमस्कार मंडळी.

आम्ही दोघं दक्षिण गोव्यात काणकोणला राहतो, मुलगा पुण्यात. डिसेंबर लागला की पुणं गाठायचं, नातवाला शाळेत सोडण्या-आणण्याचं काम अंगावर घ्यायचं आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन परतायचं, असा निवृत्तीनंतरचा नेम पडलाय. आजवर परतीला मांडवी एक्सप्रेस ठरलेली. यंदा मुलाने विचारलंही नाही. विमानाची तिकिटं काढून थेट मोबाइलवर पाठवली. "बाबा, तासाभरात गोवा!" गोवा आला खरा तासाभरात, पण उतरलो उत्तर टोकाच्या मोपा विमानतळावर. तिथून काणकोण शंभरेक किलोमीटर. विमानात बसलो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ टॅक्सीत. असो, तक्रार ती नाही.

तक्रार अशी की येऊन इतके दिवस झाले तरी घरी आल्यासारखं वाटत नाही. दुपारी झोपून उठलो की पंखा कुठल्या भिंतीवर आहे ते शोधावं लागतं. सौ. परवा चौडीच्या बाजारात बांगड्यांचा किलोचा भाव विचारून आल्या. वाट्याने मासे घेण्यात जन्म गेलाय त्यांचा. नुस्तेवालीने वर पाहिलं आणि विचारलं, "बाय, तूं खंयची?"

रेल्वेने आलो की असं होत नाही. सकाळी पनवेल स्टेशनवर कानटोपी असते. खेड-चिपळूणपर्यंत स्वेटर पिशवीत जातो. रत्नागिरीनंतर खिडकीतून येणारा वारा अंगाला चिकटायला लागतो. कणकवली-कुडाळला चढणारी माणसं मालवणीत भांडतात. पेडण्याचा बोगदा संपला की डब्यातले सगळे फोन एकदम कोंकणीत बोलू लागतात, "हांव पावलों, पावलों". मडगावला उतरेपर्यंत माणूस निम्माअधिक घरी आलेला असतो. उरलेला करमलचा घाट उतरताना येतो.

म्हणून माझं म्हणणं : चार दिवस मौजमजेला येणाऱ्याने खुशाल विमानाने यावं. राहायला परतणाऱ्याने दिवसाच्या गाडीने यावं. तुमचे अनुभव सांगा. विरोधी मतांचंही स्वागत.

मोपेकर :
पहिला प्रतिसाद माझा! मास्तर, तुमचं दुखणं विमानाचं नाही, काणकोणचं आहे. राज्य उत्तर-दक्षिण शंभर किलोमीटर आणि तुम्ही घर बांधलंत नेमकं दुसऱ्या टोकाला. आमच्या पेडण्याला या. माझा भाऊ पुण्याहून निघाला की आई इथे चुलीवर पेज ठेवते. पेज शिजायला आणि तो दारात यायला एकच गाठ.

कोथरूडची_सून :
एक मिनिट. पुण्याहून पनवेल? म्हणजे गोवा दक्षिणेला असताना आधी वायव्येकडे दोन-अडीच तास जायचं, मग गाडी पकडायची? आणि पहाटे तिथवर सोडायला कोण येतं?

तळपणकाठ :
मुलगा.

कोथरूडची_सून :
मग विमानाचं तिकीट त्याने का काढलं ते कळलं. :)

मोपेकर :
ठार!

रुळावरचा :
पुण्याहून सरळ गोवा एक्सप्रेस आहे की. मिरज, बेळगाव, लोंढा करत कुळ्यावरून मडगाव. पनवेलचा द्राविडी प्राणायाम कशाला?

तळपणकाठ :
तिने अनेकदा आलोय. पण ती कॅसलरॉकचा घाट रात्री उतरते. दूधसागर अंधारात, कुळें झोपेत, आणि डोळे उघडतात तोवर मडगाव. म्हणजे विमानासारखंच झालं, फक्त पाठ जास्त दुखते.

रुळावरचा :
हे मात्र पटलं. कोकण रेल्वेचा दिवसाचा प्रवास ही वेगळीच गोष्ट आहे. ७४१ किलोमीटरच्या मार्गावर नव्वदच्या वर बोगदे. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, आणि मास्तर, तुमच्या दाराशीच बार्शेचा तीन किलोमीटरच्या वर. मांडवी मडगावला संपते म्हणून तुम्हाला तो लागत नाही. पुढच्या खेपेला मडगावहून कारवारच्या बाजूची लोकल पकडून काणकोण स्टेशनला उतरा. करमलच्या घाटाऐवजी त्याच डोंगराच्या पोटातून घरी.

एक गैरसमज मात्र दूर करतो. अनेकांना वाटतं कोकण रेल्वेतून समुद्र दिसतो. जवळजवळ कुठेच नाही. खाड्या दिसतात, नद्या दिसतात, जुवारीवरून जाताना पश्चिमेला पाणी पसरलेलं दिसतं. बाकी सगळी भातशेती, कातळ आणि बोगदे.

अनारसा :
मांडवीतलं खाणं कुणी काढलं नाही अजून! मी त्या गाडीत चढते तीच मुळी खायला. कुठून कुठे परततेय हा प्रश्न दुय्यम.

मोपेकर :
+१. माझा एक मित्र रत्नागिरीपर्यंत इतकं खातो की पेडण्याला उतरताना त्याला उठवावं लागतं.

सोलां_सुंगटां :
धागा वाचला. मास्तर, राग मानू नका, पण हा शुद्ध पुरुषांचा धागा आहे.

तुम्हाला परतणं म्हणजे खिडकी, वारा, बोगदा. मला परतणं म्हणजे कुलूप. आधी ते उघडत नाही, कारण खाऱ्या हवेने गंजलेलं असतं. ते उघडलं की बंद घराचा वास. मग उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पालीची लेंडं. देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी हिरवी-काळी. कपाटातल्या साड्यांच्या घडीवर बुरशी, आणि ती नेमकी रेशमी साडीवर. उकड्या तांदळाच्या डब्यात टोके. मागच्या दाराच्या चौकटीला मातीची बारीक नळी चढलेली, म्हणजे वाळवी. तोवर घरातला पुरुष व्हरांड्यात खुर्ची टाकून म्हणतो, "आहा! काय हवा आहे! जरा चहा टाक." दूध नाही, गॅसचा रेग्युलेटर आवळलेला, पिण्याच्या पाण्याचा हंडा पालथा.

अशा वेळी बारा-तेरा तास गाडीत बसून आलेलं अंग असेल तर काय होतं, ते तुमच्या सौ.ना विचारा. मी विमानाने येते. सकाळचं घेते, दुपारी बाराच्या आत घरात. दिवसाउजेडी निम्मं घर झाडून होतं आणि रात्री स्वच्छ चादरीवर पाठ टेकते. त्या रात्रीच मी घरी आलेली असते. मला आठवडा लागत नाही.

कोथरूडची_सून :
टाळ्या टाळ्या टाळ्या.

अनारसा :
"आहा काय हवा आहे, जरा चहा टाक." हे आमच्याकडे गेल्या रविवारीच झालं.

मोपेकर :
(खुर्ची व्हरांड्यातून आत घेतली आहे.)

तळपणकाठ :
यांच्या आयडीवरून मी, म्हणजे सौ., लिहितेय. हे मोठ्याने वाचून दाखवत होते, सोलांबायचा प्रतिसाद आला तसे एकदम गप्प झाले. म्हणून फोन घेतला.

बाय, शब्द न् शब्द खरा. पण एक सांगते. मला गाडीच बरी वाटते, आणि कारण यांचं नाही. विमानात पंधरा किलोच्या वर सामान नेता येत नाही. पुण्याहून मी ज्वारीचं पीठ, मटार, सुनेच्या आईने दिलेलं लोणचं, दोन्ही शेजारणींसाठी बाकरवडी आणि नातवाचे आखूड झालेले कपडे आणते. विमानतळावर वजनकाट्यापाशी बॅग उघडून, सगळ्या जगासमोर, मटार या पिशवीतून त्या पिशवीत. गाडीत कोण विचारतो? आणि गाडीत मला दिवसभर चहा आयता मिळतो. वर्षातून तेवढा एकच दिवस.

बांगड्यांचं म्हणाल तर मी मुद्दामच किलोचा भाव विचारला होता. वाटे फार लहान लावायला लागली आहे ती. या दिवसांत हॉटेलवाले आधीच सगळं उचलतात.

सोलां_सुंगटां :
वहिनी, तुम्ही स्वतःची आयडी काढा. आम्हाला तुम्हीच हव्या आहात.

रुळावरचा :
हॉटेलवाल्यांचं खरं आहे. नाताळ ते एक-दोन जानेवारी या काळात किनारपट्टीवर इसवण (सुरमई) आणि सुंगटं (कोळंबी) आपल्यासाठी नसतातच. बांगडे-तारल्यांवर दिवस काढायचे.

इसवण_फ्राय :
इसवणचं नाव निघालंच आहे तर ऐका. नोव्हेंबरात काका बेंगळुरूला मुलीकडे जायला निघाले. त्याच दिवशी कुणीतरी त्यांना ताजी इसवण आणून दिली. टाकवेना. तुकडे करून, मीठ-हळद लावून फ्रीझरमध्ये ठेवली. "परत आल्यावर पहिलं जेवण!" घराचा मेन स्विच बंद करू नका असं काकींना बजावलं. काकी शिस्तीच्या. कुलूप लावताना त्यांनी नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद केला.

जानेवारीत परतले. पुढचं लिहित नाही, लोक जेवत असतील. फ्रीज अंगणात काढला, आठवडाभर उन्हात उघडा ठेवला, लिंबू, व्हिनेगर, कोळसा सगळं झालं. शेवटी भंगारवाल्याला दिला. त्यानेही दोन घरं पुढे जाऊन दार उघडलं म्हणे, आणि परत आला.

मोपेकर :
हा धाग्याचा सर्वोच्च बिंदू. पुढे वाचायची गरज नाही.

पंपवाला :
गरज आहे. हसून झालं असेल तर कामाचं लिहितो. विहिरीचे पंप दुरुस्त करायचं काम आहे माझं. जानेवारीत येणारे निम्मे फोन याच परतणाऱ्या लोकांचे असतात : "पंप चालतोय, पाणी येत नाही."

पंप बिघडलेला नसतो. महिना-दीड महिना बंद राहिला की फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गळतो, पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं आणि पंप नुसती हवा ओढतो. वरच्या बुचातून बादलीने पाणी ओता, पाइप गळ्यापर्यंत भरू द्या, मग बटण दाबा. तसाच कोरडा चालवत ठेवला तर सील जळतो आणि मग मात्र मला पैसे द्यावे लागतात. समुद्राजवळ राहत असाल तर जाण्याआधी पंपाच्या बोल्टांना ग्रीस लावा. खारी हवा लोखंड खाते. ग्रीस पन्नास-शंभर रुपयांचं, बोल्ट कापायला गॅस कटर आणावा लागतो.

फ्रीज : रिकामा करा, पुसा, बंद करा आणि दार उघडं ठेवा, मध्ये लाकडाचा तुकडा अडकवून. बंद फ्रीजचं दार बंद ठेवलं की आत बुरशी येणारच. स्कूटर : बॅटरीची काळी वायर काढून ठेवा. कपाटं : दारं किलकिली. आणि शेजाऱ्याकडे किल्ली द्या. पंधरा दिवसांतून एकदा खिडक्या उघडल्या आणि पंखे फिरवले तरी सोलांबायने लिहिलेल्या निम्म्या गोष्टी होत नाहीत.

सोलां_सुंगटां :
शेजाऱ्याकडे किल्ली! दादा, आमच्या वाड्यावर सहा घरं. चार बंद, एक भाड्याने, एक आमचं. किल्ली कुणाला देऊ?

हरमलचा_हरी :
भाड्याचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे उलटा प्रकार आहे. थंडीत आम्ही शहरात जातो ते मुलगी तिथे आहे म्हणून नाही. डिसेंबरात घराला भाडं चांगलं येतं, म्हणून आम्ही मुलीकडे जातो. हे तिला सांगत नाही.

परत आलो की सोलांबायसारखी बंद घराची तऱ्हा नसते, घर वापरात असतं. पण माझी खुर्ची दुसऱ्या खोलीत, स्वयंपाकघरात डबे उलटसुलट, तिरफळांच्या बरणीत कॉफी. गेल्या वर्षी कुणीतरी तुळशीवृंदावनाभोवती दिव्यांची माळ सोडून दिलेली, झगमगणारी. आईला ती आवडली म्हणून राहिली. माझा प्रश्न मास्तरांना : आमच्यासारख्यांनी कशाने यावं? विमान, रेल्वे की चेक-इनच्या वेळेनंतर?

मोपेकर :
हरी, तू दोन वाजल्यानंतर ये. लवकर प्रवेश हवा असेल तर जादा पैसे.

आंब्याचा_मोहर :
मास्तरांच्या मूळ मुद्द्यात एक गोष्ट कुणी पाहिली नाही. शरीराचं गणित. पुण्यात जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी अकरा-बारा अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहूनही खाली, आणि हवा कोरडी. ओठ फुटतात, घाम जागेवर उडतो. इथे त्याच जानेवारीत रात्री वीस आणि दुपारी बत्तीस. पुष्कळांना माहीत नसतं, किनाऱ्यावरची जानेवारीतली दुपार जुलैतल्या दुपारपेक्षा तापलेली असते, कारण जुलैत ढग आणि पाऊस पारा तिशीच्या खाली धरून ठेवतात. त्यात दमट हवा, घाम वाळत नाही. कोरड्या थंडीची सवय झालेलं अंग एका तासात या हवेत टाकलं की पेंगुळतंच. दुपारी झोपून उठल्यावर मास्तरांना भिंत सापडत नाही ती बहुधा याचमुळे. गाडीत तोच बदल दिवसभरात हळूहळू होतो.

उपाय साधा आहे. पहिले काही दिवस भर दुपारी कामं काढू नका, पाणी जास्त प्या, कोकमाचं घ्या. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा गार असतो, तोवर झाडलोट उरका. दुपारनंतर समुद्रावरचा खारा वारा सुटला की व्हरांडा. (चहा स्वतः करून.)

तळपणकाठ :
मोहरबाब, म्हणजे माझ्या मताला शास्त्राचा आधार आहे तर! मुलाला हा प्रतिसाद पाठवतो आहे.

आंब्याचा_मोहर :
आधार हवेच्या बदलाला आहे. पनवेलला नाही.

धक्क्यावरचा :
वय ऐंशीच्या घरात. नात टाइप करतेय.

तुम्ही रेल्वे आणि विमान काय घेऊन बसलात? आम्ही बोटीने यायचो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची. कोकण सेवक, कोकण शक्ती. डेकवर सतरंजी टाकायची, ट्रंक उशाला. वाटेत बंदरांपाशी होड्या बोटीला लागायच्या, माणसं, कोंबड्या, फणस, सगळं वर यायचं. रात्री भजन व्हायचं, पत्ते व्हायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवीच्या मुखातून आत शिरलो की डावीकडे आग्वादचा किल्ला, उजवीकडे काबोचं टोक आणि समोर पणजी. ते येणं होतं! ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोट बंद झाली आणि मी एसटीने यायला लागलो. तेव्हापासून येणं नाही, नुसतं पोचणं.

त्यातही एकदा गंमत. जुलै १९८६ मध्ये पणजीचा मांडवीवरचा पूल पडला. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. मधली वर्षं म्हापशाकडून येणारी माणसं बेतीला उतरून फेरीबोटीने पणजीत. पावसात डोक्यावर बॅगा घेऊन. मुंबईहून रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून आलेला माणूस फेरीत उभा राहिला, तोंडावर पाणी उडालं, की जागा व्हायचा. लोक शिव्या द्यायचे. मला बरं वाटायचं.

बेतीचा_बाबू :
आजोबा, नमस्कार. पण त्या शिव्या देणाऱ्यांत माझे बाबा होते. रोज पणजीत नोकरीला जायचे. वर्षातून एकदा परतणाऱ्याला फेरीबोट सुंदर वाटते, रोज रांगेत उभं राहणाऱ्याला नाही. आणि बोटीच्या भजनाबद्दल सगळे लिहितात, डेकवरच्या ओकाऱ्यांबद्दल कुणी लिहीत नाही. माझी आजी शेवटपर्यंत सांगायची की रत्नागिरी ओलांडेपर्यंत तिने डोकं वर काढलं नव्हतं.

धक्क्यावरचा :
बाबू, खरं आहे. माझी बायकोही ओकायची. तिला ती बोट कधीच आवडली नाही. (हे आजोबा हसत हसत सांगतायत. — नात)

दिल्ली_ते_राजबाग :
मी जरा वेगळं लिहिते. विनोदाचा नाही म्हणून आधीच क्षमा.

नोकरी दिल्लीत, घर काणकोणात. घरी आई, ऐंशीच्या पुढची. सांभाळायला एक बाई आहे. मास्तरांचं लेखन सुंदर आहे, पण हळूहळू येणं ज्याला परवडतं त्याचं ते आहे. मला रजा मोजून मिळते. राजधानीने येऊन पाहिलंय. जानेवारीत उत्तरेकडे धुकं असतं, गाड्यांचा भरवसा नसतो, आणि रजेचा एक दिवस म्हणजे आईजवळचा एक दिवस. मी विमानाने येते, मिळेल त्या. जवळचा दाबोळी विमानतळ मिळाला तर देव पावला, मोपा मिळालं तर टॅक्सी.

पण घरी आल्यासारखं वाटायला मला वेळ लागत नाही. दिल्लीत नोव्हेंबरपासून धरलेला खोकला इथे दोन रात्रींत सुटतो. आणि आई पहिल्याच वाक्यात बोलणी घालते, किती वाळलीस, केसांचं काय केलंस. वाट कुठली घेतली त्यावर काही नाही, दार आतून कोण उघडतं त्यावर आहे. सोलांबायने कुलपाचं लिहिलं ना, माझ्या मते मास्तरांना जे होतंय तेही तेच आहे. घर बंद होतं. विमानाचा दोष नाही.

सोलां_सुंगटां :
पोरी, डोळ्यांत पाणी आणलंस. आईंना नमस्कार सांग.

तळपणकाठ :
ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दार आतून उघडायला कोणी नाही हे खरं. पण घर दरवर्षीच बंद असतं. गाडीने येतो तेव्हाही बंदच असतं. मग यंदाच असं का? म्हणून गाडीचा मुद्दा मी सोडत नाही. निम्मा तुमचा, निम्मा माझा.

मोपेकर :
मास्तर, तुम्ही गणित शिकवायचात का?

तळपणकाठ :
इतिहास.

चार_रस्त्यावर :
तिशीतला आहे. पुण्यात आठ वर्षं नोकरी करून आता काणकोणातूनच काम करतो. कंपनी थंडीत एकदा पुण्याला बोलावते. गंमत म्हणजे मला हा प्रश्न पुण्यात पोचल्यावर पडतो. जुन्या फ्लॅटखालच्या चहावाल्याने नेहमीसारखा चहा पुढे केला, आणि मी चालत चालत तळपणला मासे आले का ते गावच्या ग्रुपवर बघत होतो.

परतताना मी रात्रीच्या बसने येतो. कुणालाच आवडत नाही, मला आवडते. पहाटे चार रस्त्यावर उतरतो. बायपास झाल्यापासून काही गाड्या बाहेरून निघून जातात, म्हणून चालकाला आधी सांगून ठेवावं लागतं. तिथून सायकल. हल्ली त्या रस्त्याला पदेर (पाववाला) भेटतो, त्याच्याकडून उंडे (गोल पाव) घेतो. आई उठायच्या आत घरात. मास्तर, तुमच्या यादीत ही तिसरी जात घाला.

आणि एक. तुम्ही दोघं आठवडाभर घरातच असणार, पैज लावतो. मला घरी आल्यासारखं वाटतं ते पहिलं काम अंगावर पडलं की. यंदा आलो त्या दिवशी काकांनी काजूच्या बागेत नेलं. झाडांखालचं रान आत्ताच साफ करावं लागतं, पुढच्या महिन्यात बोंडं धरायला लागली की उशीर. दोन तास कोयता चालवला, हाताला फोड आले, मुंग्यांनी खाल्लं. त्यानंतर पुण्याचा विचारही आला नाही.

पंपवाला :
हे बरोबर. माझ्या गिऱ्हाइकांत जे स्वतः बादलीने पंपात पाणी ओततात त्यांना काही होत नाही. जे व्हरांड्यात बसतात त्यांनाच चुकल्यासारखं वाटतं.

मोपेकर :
व्हरांड्यावर आज सगळ्यांचा राग का आहे?

अनारसा :
अवांतर : फातर्प्याच्या जत्रेला यंदा कोणी गेलं का? पौषात असते, कधी संक्रांतीच्या आधी पडते, कधी नंतर. आमचं परतीचं तिकीट पंचांग बघूनच निघतं. विमान की रेल्वे हा प्रश्न आमच्या सासूबाईंनी कधीच निकालात काढलाय : देवी बोलावेल त्या दिवशी जे मिळेल ते.

हरमलचा_हरी :
आमच्याकडे पेडण्यात जत्रेचे काले चालू आहेत. रात्रभर दशावतार. परतल्यावर एका काल्याला पहाटेपर्यंत बसा, सगळं जागेवर येतं. निदान झोप तरी जागेवर येते.

तळपणकाठ :
मंडळी, थोडं कळवतो. चार_रस्त्यावर यांची पैज मी हरलो असतो, म्हणून लावली नाही. काल सौ.नी मागच्या चौकटीची वाळवी दाखवली. रॉकेल आणि खराटा घेऊन सकाळभर तेच केलं. चौकटीचा खालचा वीतभर भाग पोकळ झालाय, सुताराला बोलवावं लागेल. संध्याकाळी तळपणला जाऊन आलो. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढत होते, मीही दोरीला हात लावला. बदल्यात मूठभर तारले मिळाले. वजन न करता.

विमानाबद्दलचं मत कायम आहे. फक्त दिल्लीच्या ताईंसारख्यांना त्यातून वगळलं, आणि सोलांबायनाही, कारण त्यांच्याशी वाद घालायची छाती नाही. पुढच्या वर्षी मुलाला सांगितलंय, पनवेलला सोडायला नको, आदल्या दिवशी आम्ही ठाण्याला बहिणीकडे जाऊ आणि तिथून मांडवी पकडू. तो लगेच हो म्हणाला. जरा जास्तच लगेच म्हणाला.

कोथरूडची_सून :
:)

सोलां_सुंगटां :
रॉकेलने वाळवी आठ दिवस जाते, मग दुसऱ्या चौकटीला येते. नळी कुठून वर चढतेय ते शोधा, बहुतेक जोत्याला भेग असेल. पंपवाले दादा, वाळवीचं काम करणारा भरवशाचा कोणी आहे का काणकोणात? मलाही हवाय.

पंपवाला :
आहे एक. खासगी संदेशात नंबर पाठवतो. पण आत्ता तो गळजीबागला कामात आहे, चतुर्थीच्या आधी या म्हटलं तर हो म्हणेल.

मोपेकर :
चतुर्थीच्या आधी म्हणजे ऑगस्ट! तोवर चौकट राहील का?

पंपवाला :
चौकट नाही राहणार. तो येईल हे नक्की.